प्रथिनाचं बारसं

मी एकदा एका प्रथिनाचं बारसं केलं होतं. पेढे वाटून. हसा, खुशाल हसा. माझी नात हे पहिल्यांदा ऐकून खुर्चीवरून पडायचीच राहिली होती. ती हैदराबादला औषधांच्या कंपनीत आहे, दिवसभर प्रथिनांच्याच मागे असते. पण बारसं तिनंही अजून कुणाचं केलेलं नाही. मी केलं. नाव ठेवलं ‘हिमोग्लोबिन आसेगाव’. बाळ नुसत्या डोळ्यांना दिसण्यातलं नव्हतं म्हणून पाळणा तेवढा बांधला नाही. नाहीतर तोही बांधला असता, इतकी मी तेव्हा हुशार होते.

पहिला पेढा दिला तो दौलतमामांना. बाळ त्यांच्याच रक्तात सापडलं होतं. त्यांनी पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा दुपट्ट्याच्या टोकाला बांधून मुलीसाठी ठेवला आणि म्हणाले, “गोड हाये व पोरी. आता याचं औषध कधी?” त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं, त्यातून पुढचं सगळं घडलं. पण आधी मामा कोण ते सांगायला हवं.

दौलतमामा आसेगावच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, सुया उकळणं आणि डॉक्टर जागेवर नसले की आलेल्याला धीर देणं, ही त्यांची कामं. अंगानं सडसडीत, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि चालणं असं की जणू पुढच्या वळणावर कुणीतरी वाट पाहतंय. आमचं रक्त तपासायचं काम त्या भागात सुरू झालं तेव्हा लांबच्या वस्त्यांवरून, तांड्यांवरून रक्त आणायची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून घ्यायच्या, त्यात चमचाभर रक्त, वर नावाची चिठ्ठी, आणि सगळ्या बाटल्या बर्फ भरलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासात. थर्मास सायकलच्या दांडीला बांधलेला.

रस्त्यात खड्डे आले की मामा खाली उतरत, सायकल हातानं धरून चालवत आणि थर्मासाशी बोलत. “सखाराम, हलू नको बाप्पा. गंगूबाय, जरा दमानं. आलंच आता मंगरूळ.” मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पोट धरून हसले. “मामा, बाटल्यांशी काय बोलता?”

“बाटलीशी कोन बोलते? मानसाशी बोलून राह्यलो. मानूस तिकडं घरी बसला अन् त्याचा एक घोट आपल्यासंगं निंगाला. त्याले रस्ता सांगा लागते का नाही?”

‘मामा’ हे नातंही त्यांनीच ठरवलेलं. पहिल्याच दिवशी मला आपादमस्तक पाहून म्हणाले, “जवान पोरगी, परगावची, एकटी. तू मले मामा म्हन. दौलतची भाची म्हटलं की इकडं कोनी तुह्याकडं वाकडं पाहनार नाही.” आणि खरंच कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मला कळलं नसतं, कारण मी स्वतःकडे पाहण्यात फार गुंतलेली होते.

माझं वर्णनही एकदा करून टाकते. सत्तरच्या दशकातली अमरावतीची बी.एस्सी., केसांचा टॉवर, नखांना लालभडक पॉलिश, खांद्याला पर्स. शहरातल्या एका प्रयोगशाळेनं मला तात्पुरतं कामावर घेतलं होतं. तिथले आमचे सर सिकलसेलच्या मागे लागलेले होते. रक्ताच्या लाल पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, श्वासातला प्राणवायू अंगभर वाहून नेणारं. आईबापांकडून आलेल्या जनुकात एवढीशी चूक असली तर ते प्रथिन बिघडतं, गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडांच्या दुखण्यानं गडाबडा लोळतो. सर म्हणत, नुसतं दुखणं दाबून काय होणार? बिघडलेलं प्रथिन नेमकं कुठलं ते ओळखायचं आणि बरोबर त्याच्यावरच जाऊन बसेल असं औषध शोधायचं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मग मी ते गावोगाव सांगत सुटायची, अशा थाटात की औषध माझ्या पर्समध्येच आहे, फक्त काढून द्यायचं राहिलंय.

मंगरुळपीरला एका जुन्या गोदामाच्या खोलीत माझी प्रयोगशाळा होती. तपासण्या दोन. एक कागदाच्या पट्टीची. पट्टीवर रक्तातलं प्रथिन लावून वीज सोडली की प्रथिनं आपापल्या चालीनं पळत. विळ्याचं प्रथिन मागे रेंगाळे. दुसरी काचेची. रक्ताचा थेंब दोन काचांमध्ये हवाबंद करायचा आणि पेशी वाकतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. काचांच्या कडा बंद करायला नेलपॉलिश वापरायचं, हे सरांनी शिकवलं होतं. उरलेलं नखांना लावायचं, हे माझं स्वतःचं संशोधन.

मामांच्या वस्तीत आम्ही प्रथम गेलो तेव्हा विहारासमोर माणसं जमली. एक म्हातारे उभे राहिले आणि सरळ विचारलं, “आमच्याच वस्तीचं रगत कायले पायजे तुमाले? वरच्या गल्लीतल्या लोकाइले रगत नाही का?” मामा पुढे झाले. बाही वर करून मोडक्या स्टुलावर बसले. “आधी माह्यं काढ. मंग वरच्या गल्लीत जाऊ. मीच नेतो हिले. सगळ्याइचं काढू, कोनाले सोडाचं नाही.” आणि त्यांनी मला खरोखर दारोदार फिरवलं. पाटलाच्या ओसरीवर बसून पाटलालाच म्हणाले, “हात सैल सोडा मालक, रगत काही पळून नाही चाललं.”

एवढी धडपड कशासाठी, हे मला बेबीला पाहिल्यावर कळलं. बेबी मामांची एकुलती एक लेक, शाळकरी. डोळे पिवळसर, हातपाय काटकुळे, आणि तोंड महाफटकळ. माझी नखं पाहून म्हणाली, “काहो बाई, बोटं दारात सापडली का?” पण दुखणं उठलं की तीच पोर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि आवाजसुद्धा काढायची नाही. मामी तव्यावर जाडं मीठ तापवायच्या, मामा त्याची पुरचुंडी करून तिच्या गुडघ्यांना, कमरेला शेक देत बसायचे. दिवसभर दुसऱ्यांना धीर देणारे मामा एकदा म्हणाले, “लोकाइच्या जखमा दिसतात, त्याले पट्टी बांधता येते. इची कोठं बांधू?”

तर पुढे त्या घरातल्या बाटल्या मी तपासल्या. मामींमध्ये विळ्याचं प्रथिन होतं, निम्मं. बेबीच्या पेशी तर काचेखाली डोळ्यांदेखत वाकल्या. पण मामांचं रक्त म्हणजे कोडंच. कागदाच्या पट्टीवर ते विळ्याच्याच जागी येऊन थांबलं, आणि काचेखाली मात्र एक पेशी वाकेल तर शपथ! मी पुन्हा पट्टी लावली, पुन्हा काच पाहिली. तेच. जीपनं सर आले तेव्हा त्यांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “वेगळं प्रथिन असू शकतं. आईकडून विळ्याचं आणि बापाकडून हे, म्हणून मुलगी आजारी. नवं निघालं तर त्याला गावाचं नाव देतात, तशी रीत आहे.” त्यातलं ‘असू शकतं’ मला ऐकूच आलं नाही. ‘गावाचं नाव’ तेवढं ऐकलं आणि मी मिठाईच्या दुकानाकडे पळाले.

आता त्या पेढ्याकडे परत येऊ. “याचं औषध कधी?” असं मामांनी विचारलं. मी पर्स सावरली आणि सरांकडून ऐकलेलं वाक्य फेकलं, “एका माणसासाठी कोण औषध शोधणार, मामा? हे पुष्कळ माणसांत सापडायला पाहिजे. मग बघा, मोठमोठे शास्त्रज्ञ धावत येतील.”

“पुष्कळ म्हंजे?”

“पुष्कळ म्हणजे भरपूर.”

मामांनी दुपट्टा झटकला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. “बरं,” म्हणाले. एवढंच.

त्यानंतर मामा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून बाटल्या आणू लागले. जीप तिथवर जात नसे, त्यामुळे ते एकटेच जात. पहिल्या खेपेच्या सगळ्या पट्ट्यांवर तीच खूण! प्रथिन विळ्याच्या जागी, पेशी गोल. दुसऱ्या खेपेला तेच. मी खोलीत एकटीच नाचले. सखाराम, गंगूबाई, आणखी कोण कोण. ज्याची त्याची चिठ्ठी, पण प्रथिन आमचंच, आसेगावचं! एकाच तांड्यात सगळ्यांचं रक्त अगदी सारखं कसं, नवरा, बायको, सासू, शेजारी, कुणातच जरासुद्धा फरक कसा नाही, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या मुलीला पडायला हवा होता. मला पडला तो वेगळाच. फोटो काढायची वेळ आली तर कुठली साडी नेसावी?

उन्हं तापू लागली होती आणि मामा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून यायचे. चेहरा ओढलेला, ओठ पांढुरके. मी वर ताईपणा करून त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. “खा मामा, रक्त वाढतं त्यानं.” ते माझ्याकडे पाहत आणि मुकाट्यानं खात. नंतर किती वेळा तो क्षण आठवून मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आहे.

सरांना आता धीर धरवेना. ते म्हणाले, या माणसांचं रक्त माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा काढू, कुणाचं कोण नातं ते लिहू, आणि जमलं तर पुढच्या औषधाचं काम इथूनच सुरू करू. तांड्याला आधी निरोप द्यायला हवा होता. मामांची त्या दिवशी दवाखान्यात पाळी होती. मी म्हटलं, आपणच जाऊन यावं, लोकांना आपल्या तोंडानं आनंदाची बातमी द्यावी. मानोऱ्यापर्यंत एस.टी. आणि पुढे पायी.

तांडा रिकामा होता. घरोघर कडी, कडीला काटेरी फांदी अडकवलेली, अंगणात गवत वाळून उभं. एका दारात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, सगळे कुठे गेले?

“ऊस तोडाले गेले समदे. दसरा झाला अन् निंगाले. पाडव्याच्या मोरं येतीन आता.”

“पण मागच्या आठवड्यात तर त्यांचं रक्त काढलं. सखारामचं, गंगूबाईचं.”

म्हातारीनं शेंग खाली ठेवली. “सखाराम? थो तर पोळ्याच्या टायमाले मेला. मेलेल्याचं रगत कसं काढलं व बाई तुमी?”

मी परत कशी आले, ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की एस.टी.त मी नखांवरचं पॉलिश दातांनी कुरतडून काढत होते. म्हणजे खड्ड्यापाशी उतरून मामा ज्याला ‘हलू नको बाप्पा’ म्हणत होते, तो सखाराम नव्हता. गंगूबाईही नव्हती. थर्मास भरून मामाच होते.

दवाखान्यात मामा एका बाईच्या भाजलेल्या हाताला मलम लावत होते. ती जाईपर्यंत मी थांबले, एवढं शहाणपण कुठून आलं कोण जाणे. मग त्यांचा हात धरला आणि स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली. सुयांच्या खुणाच खुणा. निळे, हिरवे, पिवळे डाग, एकावर एक.

“मामा, तुम्ही मला फसवलं.”

“व्हय.”

“मी तुम्हाला मामा म्हणत होते.”

“मी मामाच हाये. म्हून तर तुह्यासाठी आनलं. तूच म्हनलीस ना व, एकासाठी कोनी औषध करत नाही म्हून? मंग मी एकाचा भरपूर झालो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सायबाले सांगजो, दौलत लबाड हाये. पन बेबीची बाटली खरी हाये. थे पहिले सांगजो. बाकी मंग.”

मी हो म्हटलं. आणि सरांसमोर उभी राहिल्यावर सगळं उलट्या क्रमानं सांगितलं. आधी माझा अपमान, मग पेढे, मग रिकामा तांडा, मेलेला सखाराम, मामांचा हात. स्वतःच्या दुःखाचं एवढं कौतुक होतं मला की बेबीपर्यंत पोहोचेतो सर उठून उभे राहिले होते. त्यांनी बाटल्यांची बर्फाची पेटी उघडायला लावली आणि त्या भागातल्या सगळ्या बाटल्या, खऱ्या, खोट्या, पाटलाच्या, वस्तीतल्या, गोदामामागच्या खड्ड्यात ओतायला सांगितल्या.

“सर, मामांची पहिली बाटली आणि त्यांच्या मुलीची तरी खरी आहे.”

“खोटं बोलणाऱ्याचं खरं मी कशावरून मानू?”

“दोघांचं पुन्हा तुमच्यासमोर काढू. संध्याकाळपर्यंत घेऊन येते त्यांना.”

सर जीपमध्ये चढले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं कंटाळून. “एका माणसासाठी?”

माझंच वाक्य. म्हणजे मुळात त्यांचंच. मी मध्ये थोडे दिवस वापरलेलं. आमचं काम दुसऱ्या भागात हललं आणि मला पुढे बोलावणं आलं नाही. त्या गावांना सांगितलं होतं की तुमच्या रक्तात काय निघालं ते प्रत्येकाला कळवू. कुणाला काही कळवलं गेलं नाही. मी मामांना न भेटता अमरावतीची गाडी पकडली. फसवलेल्या माणसानं आपल्याला भेटायला यावं, अशी माझी अपेक्षा होती. आता तुम्हीच सांगा, त्या वाक्यात फसवलेला माणूस नेमका कोण? मी त्या वयात हे न अडखळता बोलत होते.

नातीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, “आजी, आम्ही आता अशीच माणसं शोधतो. सगळ्यांपेक्षा वेगळं प्रथिन असलेलं एखादं घर. कधीकधी एकाच घरावरून औषधाचा रस्ता सापडतो.” मी तिला म्हटलं, जरा आधी जन्माला आली असतीस तर काय बिघडलं असतं? हेही खरं की तेव्हा सरांनी ती बाटली जपून नेली असती, तरी बेबीला पुरेल इतक्या लवकर औषध आलं नसतं. पण ते आम्ही मामांना सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना सांगितलं होतं, धावत येतील.

मामांना जाऊन आता खूप वर्षं झाली. बेबी त्यांच्या आधी गेली. मी त्यांना माफ केलं का? नाही. सरांना? त्याहून नाही. एकटी पडले की मी अजून कुणाकुणावर रागावत बसते, आणि त्या रांगेत केसांचा टॉवर घातलेली एक पोरगी कायम पहिली असते.

शेवटची भेट तेवढी सांगते. लग्नानंतर काही वर्षांनी सासरच्या माणसांबरोबर पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेला गेले होते. तेव्हा यात्रेत शिरण्याआधी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे. मांडवाखाली लांब रांग. मी घामाघूम होऊन, पदर सावरत पुढे सरकले, हात पुढे केला आणि ओळखीचा आवाज आला, “हात सैल सोड, पोरी.”

डोक्याला तोच पांढरा दुपट्टा, खाली केस पांढरे झालेले. मागे स्टुलावर बेबी कापसाचे बोळे करत बसलेली, मोठी झालेली, काठी मांडीला टेकवून. कमरेचं हाड गेलं होतं तिचं. तिनं माझ्या नखांकडे पाहिलं. त्यांना रंग नव्हता. ती काही बोलली नाही. तिनं काहीतरी बोलावं म्हणून मी तिथल्या तिथे देवीला नवस बोलले असते.

मामांनी सुई टोचली, काढली, बेबीच्या हातातला कापूस घेऊन माझ्या दंडावर दाबून धरला. मागून लोक ढकलत होते. मी म्हटलं, “मामा, तुम्ही तसं करायला नको होतं.”

कापूस तसाच दाबून धरत ते म्हणाले, “नावं खोटी होती व पोरी. रगत सारं खरं होतं. तुह्या सायबाले नावं फेका लागत होती. त्यानं रगत काहून फेकलं?”